चष्म्याचा नंबर आणि यंत्राची चावी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘लेसर नेत्रशस्त्रक्रियेचा खर्च’ हा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ऊसतोडणीची मजुरी, कंत्राटी कामगारांचे किमान वेतन, रेशनवरचे धान्य हे प्रश्न समोर उभे असताना चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेवर पाऊण तास खर्च करण्याचे प्रयोजन काय, असे एका ज्येष्ठ साथींनी मला काल प्रत्यक्ष विचारलेही. त्यांना मी एवढेच म्हणालो की, हा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्याच बैठकीतून आला आहे. गेल्या बैठकीत तरुण साथींनी असा ठराव मांडला की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत झाली पाहिजे. त्यावर ज्येष्ठांचे म्हणणे असे पडले की, ही श्रीमंतांची चैन आहे, पक्षाने यात पडू नये. वाद वाढला आणि नेहमीप्रमाणे अभ्यास करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. अभ्यास करून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोन्ही बाजू चुकल्या आहेत. तरुणांनी यंत्राचा हिशेब केलेला नाही आणि ज्येष्ठांनी माणसांचा.

या वादाच्या मुळाशी एक घर आहे, हे इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नाव घेण्याचे कारण नाही. आपले एक साथी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहेत. त्यांची मुलगी पदवीधर आहे. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर. दोन ठिकाणांहून स्थळे परत गेली. कारण कोणी उघड सांगत नाही, पण मध्यस्थाने कानात सांगितलेच की, ‘मुलगी छान आहे, पण चष्मा जाड आहे.’ मग शहरातील एका खासगी नेत्ररुग्णालयाची जाहिरात घरात आली. जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरांत होता आणि तो ऐकून कोणालाही वाटावे की, एवढे तर दिवाळीच्या बोनसमध्ये भागेल. प्रत्यक्ष गेल्यावर कळले की, तो आकडा एका डोळ्याचा. तोही जुन्या पद्धतीचा. तोही लहान नंबरापुरता. तपासण्यांचे पैसे वेगळे. मुलीच्या डोळ्यांना ‘नवीन पद्धत’च योग्य असे सांगण्यात आले आणि दोन्ही डोळ्यांचे मिळून नव्वद हजार रुपये झाले. बिनव्याजी हप्त्यांची सोय त्याच टेबलावर होती. आपल्या साथींनी हप्त्यांऐवजी पतपेढीत कर्जाचा अर्ज केला आणि जामीनदार म्हणून माझी सही मागितली. सही करण्यापूर्वी मी त्यांना एकच विचारले : हे नव्वद हजार कशाचे आहेत?

त्यांना सांगता आले नाही. मलाही आले नसते. खरे पाहता हा प्रश्न आपण कारखान्यात रोज विचारतो. एका नगामागे कच्चा माल किती, मजुरी किती, यंत्राची झीज किती आणि मालकाचा नफा किती, हे मांडल्याशिवाय आपली वेतनाची मागणी उभी राहत नाही. पण डॉक्टरच्या टेबलासमोर बसलो की आपली ती सवय सुटते. तेथे आपण रुग्ण असतो आणि रुग्णाने हिशेब विचारणे अशिष्टपणाचे समजले जाते.

तर आधी वस्तू काय आहे ते पाहू. डोळ्याच्या अगदी पुढे जे पारदर्शक पटल असते, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, ते सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. प्रकाशाला वळवून आत नेण्याचे मोठे काम तेच करते. त्याची वक्रता थोडी बदलली की चष्म्याचा नंबर बदलतो. लॅसिक पद्धतीत या पटलाचा वरचा पातळ पापुद्रा उचलून बाजूला करतात, आतल्या भागावर लेसर किरण टाकून ठरलेल्या आकाराचा थर काढतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. सहा मिलिमीटर व्यासाचे क्षेत्र धरले तर एका नंबरामागे साधारण बारा मायक्रॉन जाडीचा थर मध्यभागी काढावा लागतो. आपल्या साथींच्या मुलीचा नंबर साडेचार. म्हणजे चौपन्न मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस सहसा याहून जाड असतो. किरणांचे प्रत्यक्ष काम एका डोळ्यामागे मिनिटभरही चालत नाही.

ही विद्या कोणाची? नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाला हात घालण्याचे धाडस कोलंबियाच्या बोगोटा शहरात होसे बाराकेर या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्याला केले. पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोमध्ये स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी कॉर्नियावर चाकांच्या आऱ्यांसारखे चिरे देऊन नंबर कमी करण्याची पद्धत रूढ केली. या फ्योदोरोवांविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. १९८६ मध्ये त्यांची सरकारी नेत्र-सूक्ष्मशस्त्रक्रिया संस्था उभी राहिली. तेथे रुग्ण फिरत्या पट्ट्यावरून सरकत जात आणि प्रत्येक टप्प्यावरचा शल्यविशारद आपापला भाग पूर्ण करी. सोव्हिएत नागरिकाला पैसे पडत नसत, परदेशी रुग्णांकडून मात्र परकीय चलन घेतले जाई. नोकरशाहीशी भांडून त्यांनी संस्थेच्या उत्पन्नात कामगारांचा वाटा ठेवला. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्यांनी ‘कामगार स्वयंशासन’ नावाचा पक्ष काढून १९९६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. २००० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मात्र भक्तीच्या भरात हेही विसरू नये की, त्या चिऱ्यांच्या पद्धतीत वर्षे उलटल्यावर अनेकांचे नंबर उलट्या दिशेला सरकत गेले. आज ती पद्धत जवळपास सोडून दिलेली आहे.

लेसरची कथाही अशीच अनेक देशांतून फिरत आली आहे. एक्झायमर जातीचा लेसर १९७० मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत निकोलाय बासोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम चालवून दाखवला. मद्रास विद्यापीठात शिकून १९५३ मध्ये अमेरिकेला गेलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकवर असा किरण टाकून पाहत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मेजवानीतील टर्की पक्ष्याचे उरलेले मांस प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर किरण टाकला. कडा न जळता, आजूबाजूचे मांस न भाजता, स्वच्छ खाच पडली. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर जनावरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले. पापुद्रा उचलून किरण टाकण्याची आजची पद्धत ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या आसपास रूढ केली. थोडक्यात, कोलंबिया, रशिया, भारत, अमेरिका, ग्रीस या सर्वांनी मिळून हे ज्ञान घडवले. त्यातला काही भाग सरकारी संस्थांत झाला, काही खासगी कंपनीत. आयबीएमचा वाटा नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगत आलो तिथे पोहोचतो. अमेरिकेत या यंत्रांना सरकारी मान्यता मिळाली ती १९९५ आणि १९९६ मध्ये. समिट आणि व्हिसएक्स अशा दोन कंपन्या या क्षेत्रात होत्या. दोघींकडे आपापली पेटंटे होती. दोघींनी परस्परांशी स्पर्धा केली असती तर भाव उतरला असता. म्हणून त्यांनी १९९२ मध्येच एक भागीदारी करून दोघींची पेटंटे एका गाठोड्यात बांधली. नियम असा ठरला की, डॉक्टरने लाखो डॉलर देऊन यंत्र विकत घेतले तरी प्रत्येक डोळ्यावरील प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अडीचशे डॉलर पेटंटधारकांना द्यायचे. हे पैसे चुकू नयेत म्हणून व्हिसएक्सच्या यंत्राला एक कार्ड लागे. कार्ड घातल्याशिवाय यंत्र चालू होत नसे. नवा डोळा आला की पुन्हा पैसे मोजायचे.

साथींनो, आपल्या गावातील पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी विकत घेतली आहे, वीजबिल तो भरतो, जाते तो टाकून घेतो. आणि तरीही प्रत्येक डब्यामागे गिरणी बनवणाऱ्या कारखानदाराला पैसे दिल्याशिवाय पट्टा फिरत नाही, असे झाले तर आपण काय म्हणू? खंड म्हणू. कुळाने जमीन कसायची आणि पीक निघाले की मालकाने खळ्यावर येऊन उभे राहायचे, हीच ती पद्धत. कूळकायद्याच्या लढ्यात ज्यांनी उमेद घालवली त्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, या मालकाला खळ्यावर यावे लागत नाही, त्याची चावी यंत्रातच बसवलेली असते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च १९९८ मध्ये या भागीदारीविरुद्ध तक्रार दाखल केली. स्पर्धक असू शकणाऱ्या दोन कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवला, असा तो आरोप होता. त्याच वर्षी ती भागीदारी मोडली. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये व्हिसएक्सने आपले शुल्क अडीचशे डॉलरवरून शंभरावर आणले आणि शेअरबाजारात त्या कंपनीचा भाव गडगडला. हा एक आकडा मला पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो. दीडशे डॉलर एका दिवसात कमी झाले. त्या दिवशी किरण बदलला नव्हता, काच बदलली नव्हती, डॉक्टरचा हात बदलला नव्हता, विजेचा दर उतरला नव्हता. म्हणजे ते दीडशे डॉलर वस्तूच्या किमतीत कधी नव्हतेच. ते चावीच्या किमतीत होते.

आपल्याकडे कायदा थोडा वेगळा आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार उपचाराच्या वा शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. तेव्हा ‘अमुक रीतीने कापण्याचा हक्क माझा’ असे आपल्या देशात कोणी म्हणू शकत नाही. पण यंत्रावर पेटंट असते. पापुद्रा कापण्यासाठी आज जो अतिसूक्ष्म स्पंदनांचा फेम्टोसेकंद लेसर वापरतात, त्यात डोळ्याला टेकवायचा भाग एकदाच वापरून फेकायचा असतो आणि तो कंपनीकडूनच घ्यावा लागतो. काही यंत्रांत प्रत्येक डोळ्यामागे परवान्याची रक्कमही मोजावी लागते. चावीचे रूप बदलले, खंड राहिला. याच लेसरचे नेत्रशस्त्रक्रियेतील बीज मिशिगन विद्यापीठातील ज्या केंद्रात पडले, ते केंद्र अमेरिकन सरकारच्या विज्ञान निधीवर उभे होते. त्यामागील मूळ भौतिकशास्त्राला, जेरार मुरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना, २०१८ चे नोबेल मिळाले. पैसा लोकांचा, शोध विद्यापीठाचा आणि वसुली कंपनीची.

असे असले तरी सर्व दोष पेटंटावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. म्हणून यंत्राच्या झिजेचा हिशेब मांडतो. आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणा एका रुग्णालयाचे नाहीत. समजा, दोन्ही लेसर मिळून यंत्रसामग्री चार कोटींची आहे आणि ती आठ वर्षे चालते. म्हणजे वर्षाला पन्नास लाख झीज. व्याज आणि देखभालीचा करार मिळून आणखी पन्नास लाख धरा. एक कोटी रुपये वर्षाला, मग रुग्ण येवो अथवा न येवो. वर्षात अडीचशे दिवस काम चालते. रोज दोन रुग्ण आले तर वर्षाला पाचशे. प्रत्येकाच्या डोक्यावर यंत्राचे वीस हजार रुपये. रोज दहा रुग्ण आले तर अडीच हजार. प्रत्येकी चार हजार. आणि आपल्या तरुण साथींच्या ठरावाप्रमाणे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एकेक यंत्र बसवले आणि आठवड्याला दोनच रुग्ण आले तर? वर्षाला शंभर. एकेका रुग्णामागे एक लाख रुपये. मोफत म्हटले तरी ते कोणीतरी देणारच, आणि जिल्हा रुग्णालयाच्या तिजोरीतून ते गेले तर बाळंतिणीच्या खाटेतून आणि सर्पदंशाच्या लशीतून जातील. शिवाय सरकारी रुग्णालयात यंत्र येते, तंत्रज्ञाचे पद भरले जात नाही आणि यंत्र प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

खासगी रुग्णालयांत याच हिशेबाची दुसरी बाजू दिसते. एकाच शहरात चार जणांनी चार यंत्रे घ्यायची, चौघांची निम्मी रिकामी राहायची, मग रुग्ण ओढण्यासाठी जाहिराती करायच्या आणि रिकाम्या यंत्राचा व जाहिरातीचा खर्च आलेल्या रुग्णाच्या बिलात घालायचा. याला स्पर्धा म्हणतात आणि स्पर्धेने भाव उतरतो असे आपल्याला शिकवले जाते. आज आपल्या शहरांत या शस्त्रक्रियेचे भाव दोन्ही डोळ्यांचे मिळून वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत आहेत. एवढा फरक का, हे बिलावरून कधी कळत नाही, कारण बिलात एकच शब्द असतो : ‘पॅकेज’.

भाव उतरवायचा तर काय लागते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९७६ मध्ये मदुराईला अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. ते श्रीअरविंदांचे अनुयायी. पण काम कसे बांधायचे ते आपण अमेरिकेतील हॅम्बर्गर विकणाऱ्या दुकानांकडून शिकलो, असे ते मोकळेपणाने सांगत. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार. ज्याला परवडते तो पैसे देतो आणि त्यातून न परवडणाऱ्याची मोफत शस्त्रक्रिया होते. मॉस्कोचा फिरता पट्टा आणि मदुराईची शेजारशेजारची टेबले, दोन्हींमागचे गणित एकच आहे. खेड्यातील मुलींना शिकवून तयार केलेल्या साहाय्यकांवर तेथील बरेचसे काम उभे आहे. आपण कामगार चळवळीतील माणसे, तेव्हा त्या मुलींचे वेतन आणि कामाचे तास किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय आपण या व्यवस्थेचा गौरव करू नये, एवढे मी कंसात नोंदवून ठेवतो.

पण त्यांची खरी झुंज होती मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायच्या भिंगाशी. हे भिंग परदेशातून येई आणि त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. देणगीत मिळतील तेवढीच गरिबांच्या डोळ्यांत पडत. बाकीच्यांना शस्त्रक्रियेनंतर जाड काचेचा चष्मा. आपल्या आजी-आजोबांचे बाटलीच्या बुडासारखे ते चष्मे आठवा. १९९२ मध्ये मदुराईलाच ऑरोलॅब नावाचा कारखाना निघाला आणि भिंगे तेथे बनू लागली. शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू दहा डॉलरच्या घरात आली, नंतर आणखी उतरली. कारखाना कोणाच्या हातात आहे आणि तो कशासाठी चालवला जातो, यावर किंमत ठरते, हे आपण सभांमधून सांगत आलो. मदुराईत ते भिंगाच्या रूपाने हातात घेऊन दाखवता येते. नंबर घालवण्याच्या लेसर यंत्राबाबत असे ऑरोलॅब अद्याप निघालेले नाही. ते सोपे आहे असे मी म्हणत नाही. भिंग आणि लेसर यांत फार अंतर आहे.

आता ज्येष्ठ साथींकडे वळतो. ही चैन आहे, असे आपण म्हणता. विमा कंपन्याही तेच म्हणतात. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अपवादांनुसार साडेसात नंबरापर्यंतच्या दृष्टिदोषाच्या उपचाराचा खर्च विम्यातून मिळत नाही. म्हणजे साडेसातच्या खाली चैन आणि वर गरज! पण त्या मेकॅनिकच्या घरात ती चैन नाही. तेथे तो हुंड्याचाच एक प्रकार आहे. मुलीचे लग्न व्हावे म्हणून बाप कर्ज काढतो. पूर्वी ते स्कूटरसाठी काढत असे, आता कॉर्नियाच्या चौपन्न मायक्रॉनसाठी. मुलाच्या नाकावरचा चष्मा हुशारीची खूण आणि मुलीच्या नाकावरचा चष्मा वैगुण्य, हे ज्या समाजात चालते त्या समाजाचा हा खर्च आहे आणि तो कोणत्याही जिल्हा रुग्णालयात लेसर बसवून भागणारा नाही. याविरुद्ध पक्षाने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? दुसरे असे की, नोकरीसाठीही मुले या शस्त्रक्रियेकडे धावतात आणि तेथे फसतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो, हे भरतीच्या जाहिरातीत छापलेले असते. पण ते कर्ज काढल्यानंतर वाचले जाते.

धोक्यांविषयी थोडक्यात बोलतो, कारण मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया बहुसंख्यांना चांगली लाभते, हे खरे आहे. पण अमेरिकेच्या औषध नियामकाने केलेल्या पाहणीत, ज्यांना आधी प्रकाशवलये वा दुहेरी प्रतिमा असा कोणताही त्रास नव्हता अशांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी तीन महिन्यांनी असा एखादा तरी नवा त्रास नोंदवला. त्यामुळे दैनंदिन कामाला मोठी अडचण आलेले मात्र शंभरात एकाहूनही कमी होते. डोळे कोरडे पडण्याची तक्रारही असते. कॉर्निया मुळात पातळ वा वेडावाकडा असेल तर शस्त्रक्रिया करूच नये, आणि नंबर वर्षभर स्थिर राहिला नसेल तर थांबावे. आणि एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते : नंबर घालवला तरी चाळिशी टळत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर वाचायला चष्मा लागतोच. तेव्हा ‘चष्म्यापासून कायमची मुक्ती’ हा शब्दप्रयोग खोटा आहे.

चाळिशीचा विषय निघाला म्हणून मी आज सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जवळचे दिसण्यासाठी साधा चष्मा न मिळालेली माणसे जगात ब्याऐंशी कोटींहून अधिक आहेत. हा चष्मा म्हणजे दुकानात तयार मिळणारी दोन भिंगे आणि एक काडी. आसामच्या चहामळ्यांत चाळीस वर्षांपुढील साडेसातशे मजुरांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना लगेच चष्मे दिले त्यांची पानांची तोड, ज्यांना नंतर दिले त्यांच्या तुलनेत, एकवीस टक्क्यांहून अधिक वाढली. ज्याची मजुरी वजनावर त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आता आपल्या सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांकडे पाहा. हजारी विड्यांवर मजुरी. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. सारे काम वीतभर अंतरावरचे. चाळिशी लागली की हात तसाच चालतो पण डोळा मागे राहतो, विडी वाकडी होते आणि छाटात जाते. ती बाई म्हणते, ‘वय झालं.’ वय झालेले नसते, काडी मिळालेली नसते. आपल्या संघटनेने विड्यांच्या छाटाविरुद्ध अनेकदा मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण त्या मोर्चात चालणाऱ्या किती जणींना वाचायचा चष्मा आहे, हे आपण कधी मोजले नाही. ही माझीही चूक आहे. मी त्या मोर्चांत होतो.

एका लेसर यंत्राच्या चार कोटींत, काडी दोनशे रुपयांना धरली तर, दोन लाख चष्मे येतात. हे सांगून लेसरची मागणी मोडीत काढायची नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्रात सरकारी खर्चाने ही विद्या जोपासली गेली आहे. आपल्या राज्यात सहा महसुली विभाग आहेत. प्रत्येक विभागातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एकेक यंत्र, तंत्रज्ञांची भरलेली पदे आणि दिवसाला दहा रुग्णांची रांग, असे झाले तर यंत्राचा बोजा माणशी चार-पाच हजारांवर येतो, डॉक्टर शिकतात आणि शहरातील ‘पॅकेज’ला एक मापदंड मिळतो. जास्त नंबर असलेले, चष्मा नाकावर टिकत नाही अशा भट्टीवर वा धुळीत काम करणारे, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठी तफावत असलेले, यांना तेथे प्राधान्य असावे. लग्नासाठी येणाऱ्या मुलीला हाकलून द्यावे असे मी म्हणणार नाही. पण तिला प्रथम बसवून चाळिशीची आणि कोरड्या डोळ्यांची गोष्ट सांगणारे कोणी तेथे असावे. आणि खासगी रुग्णालयांनी झीज, फेकाऊ साहित्य, परवाना शुल्क, डॉक्टरचे मानधन असे तुकडे करून बिल द्यावे, ही मागणी तर उद्यापासून करता येईल. तिला एक पैसा लागत नाही.

आपल्या मेकॅनिक साथींनी असे तुकड्यांचे बिल लेखी मागितले. उत्तर आले नाही. मग मी त्यांना आणि मुलीला एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील नेत्रविभागात घेऊन गेलो. तेथील बाईंनी जुने चष्म्याचे कागद पाहून सांगितले की, गेल्या वर्षभरात नंबर पाऊणने वाढला आहे, अजून एक वर्ष थांबा, तोवर कोणीही हात लावू नये. खासगी टेबलावर हे कागद कोणी पाहायलाच मागितले नव्हते. पतपेढीचा अर्ज त्यांनी मागे घेतला आहे. मुलगी सध्या तालुक्याच्या वाचनालयात काम करते. पुढच्या आठवड्यात आणखी एक स्थळ येणार आहे आणि आपण चष्मा लावूनच बसणार असे तिने घरात सांगून टाकले आहे. आईला ते पसंत नाही.

ठरावाचा सुधारलेला मसुदा मी अध्यक्षांकडे दिला आहे. त्यात विडी कामगार स्त्रियांची डोळे तपासणी आणि तयार चष्मे हे पहिले कलम आहे, विभागवार यंत्रांचे दुसरे आणि बिलाचे तिसरे. पहिल्या कलमासाठी शहरातील दोन वस्त्यांची यादी लागेल. ती कोण करणार, हे चहाच्या सुटीत ठरवून नावे कृपया माझ्याकडे द्यावीत.